प्रेमाने जगत ख्रिस्ताकडे बोलावणं : पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

मंडळीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी सांगितलं जातं, "आता तुम्हीही साक्ष द्या." सांगणारा सांगून मोकळा होतो आणि ऐकणारा गोंधळून जातो. साक्ष द्यायची म्हणजे नक्की करायचं काय? ओळखीच्या माणसाला गाठून येशूबद्दल बोलायला लागायचं? पत्रकं वाटायची? वाद जिंकायचे? की काहीच न बोलता चांगलं वागत राहायचं आणि समोरच्याला आपोआप कळेल म्हणून वाट बघायची? या सगळ्या प्रश्नांतून मी गेले आहे. आता आमच्या मंडळीत नव्याने विश्वासात आलेल्यांबरोबर बसते तेव्हा तेच प्रश्न पुन्हा कानावर येतात, म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या प्रेमाला समोरच्याचं "नाही" पचत नाही, त्या प्रेमाने कुणाला ख्रिस्ताकडे बोलावू नये. खालची प्रत्येक पायरी याच कसोटीवर तपासून घ्या.

## सुरू करण्याआधी हाताशी काय असावं

- पवित्र शास्त्र, सहज समजेल अशा भाषेतलं. शक्य असेल तर मार्ककृत शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या जीवनाच्या मार्कने लिहिलेल्या वृत्तांताची, एक सुटी प्रत जवळ ठेवा. चार शुभवर्तमानांमध्ये ते सर्वांत लहान आहे, 16 अध्यायांचं. एका बैठकीत वाचून होतं. कुणी मागितलं तर द्यायला तेच बरं.
- एक वही. कशासाठी ते दुसऱ्या पायरीत सांगते.
- प्रार्थनेची ठरलेली वेळ. थोडीच असली तरी चालेल, पण रोजची.
- तुमच्याहून मुरलेली एक विश्वासू व्यक्ती, जी तुम्हाला "इथे तुझं चुकतंय" असं तोंडावर सांगू शकेल.
- आठवड्यातली एक मोकळी संध्याकाळ. ही सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. नवा विश्वासणारा उत्साहाच्या भरात प्रत्येक संध्याकाळ मंडळीच्या सभांना देऊन टाकतो, आणि वर्षभरात त्याला मंडळीबाहेर एकही मित्र उरत नाही. मग साक्ष देणार कुणाला?

वक्तृत्व, ईश्वरविज्ञानाची पदवी आणि पैसा यांतलं काहीही लागत नाही.

## 1. आधी आपला हेतू तपासा

ज्या माणसाला तुम्ही ख्रिस्ताकडे बोलावू इच्छिता त्याला डोळ्यांसमोर आणा आणि स्वतःला विचारा: हा माणूस कधीच ख्रिस्ती होणार नाही असं मला आज खात्रीने कळलं, तर उद्या मी त्याला फोन करेन का?

उत्तर "नाही" असेल तर पुढची पायरी चढू नका. आधी त्या माणसासाठी नव्हे, स्वतःसाठी प्रार्थना करा. येशूने शास्त्री आणि परूशी या त्या काळच्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना दिलेल्या कडक इशाऱ्यांत एक याबद्दलचाच आहे. एका माणसाला आपल्या मतात आणण्यासाठी तुम्ही समुद्र आणि जमीन पालथी घालता, आणि तो आला की त्याला स्वतःपेक्षाही वाईट करून सोडता, असं तो म्हणतो (मत्तय 23:15). धडपड खूप होती, पण तिच्यात माणसाची किंमत शून्य होती.

याच्या अगदी उलट चित्र मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे. एक श्रीमंत माणूस धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवनाबद्दल विचारतो. उत्तर कठीण मिळतं आणि तो खिन्न होऊन निघून जातो. पण ते कठीण उत्तर देण्याआधी येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रेम केलं, असं मार्क आवर्जून लिहितो (10:21). तो ऐकणार की निघून जाणार हे ठरायच्या आधीच त्याच्यावर प्रेम झालेलं होतं. हा क्रम लक्षात ठेवा.

## 2. मोजकी नावं लिहा

वहीत तीन-चार नावं लिहा. ज्यांच्यात तुम्ही आधीपासून राहता, काम करता, उठता-बसता त्यांचीच. अनोळखी माणसांपासून सुरुवात करायची गरज नाही. योहानाच्या पहिल्या अध्यायात आंद्रिया पहिल्यांदा आपल्या सख्ख्या भावाला, शिमोनाला शोधतो. फिलिप्प नथनेलाला गाठतो. ओळखीच्या नात्यातूनच गोष्ट पुढे सरकते.

प्रत्येक नावासमोर त्या माणसाचं सध्या काय चाललंय ते लिहा. आईचं ऑपरेशन, मुलाची परीक्षा, नोकरी जाण्याची भीती. त्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा. "त्याचं तारण होवो" एवढीच प्रार्थना करून थांबू नका, त्याच्या आईच्या गुडघ्यासाठीही करा. ज्याच्या आईच्या गुडघ्यासाठी आपण सकाळी प्रार्थना केली आहे, त्याला दुपारी भेटल्यावर "आई कशी आहे?" हा प्रश्न आपसूक तोंडून निघतो आणि तो खरा असतो.

इथला सापळा: वहीतली गोष्ट वहीतच राहू द्या. कुणी विश्वासाने सांगितलेलं घरगुती दुःख "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते" असं म्हणत मंडळीभर करणं ही चहाडीच आहे. मंडळीत सांगायचं असेल तर त्या माणसाची परवानगी घ्या. परवानगी मिळाली नाही तर देवाला नाव माहीत आहे, बाकीच्यांना कळलं नाही तरी चालतं.

आणि या वहीत कुणी किती "जवळ आला" याचे गुण मांडू नका.

## 3. ऐकायला शिका

ही पायरी सर्वांत लांबची आहे. बहुतेक लोक ती ओलांडून पुढे उडी मारतात, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारत होता. त्याला काय हवंय हे गर्दीतल्या पोरालाही कळलं असतं. तरी येशूने त्याला जवळ बोलावून विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? (मार्क 10:51). उघड दिसणारी गरजसुद्धा त्याने त्या माणसाच्या तोंडून ऐकून घेतली. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये फिलिप्प रथाजवळ धावत जातो, रथातला कूशी (इथिओपियाचा) अधिकारी काय वाचतोय ते कान देऊन ऐकतो आणि पहिलं वाक्य म्हणून प्रश्न विचारतो: वाचताय ते समजतंय का? (8:30). त्याचं सांगणं सुरू होतं ते त्या अधिकाऱ्याने वर बसायला बोलावून स्वतःची शंका मांडल्यावर.

ऐकताना काय करायचं:

- समोरचा बोलत असताना आपल्या मनात पुढचं वचन जुळवत बसू नका. ते डोळ्यांत दिसतं.
- त्याच्या श्रद्धेबद्दल खऱ्या कुतूहलाने विचारा. तो कशी प्रार्थना करतो, कशावर त्याचा भरवसा आहे, अवघड दिवसांत त्याला कशाने तारलं. उत्तर खोडायला घेऊ नका.
- त्याने धर्माबद्दल किंवा ख्रिस्ती लोकांबद्दल राग व्यक्त केला तर लगेच बचावाला धावू नका. कुणीतरी त्याला दुखावलेलं असतं. "काय झालं होतं?" एवढं विचारा आणि शेवटपर्यंत ऐका. जे चुकीचं होतं त्याला चुकीचं म्हणा.

इथला सापळा शोकाच्या घरी असतो. ज्याची पत्नी नुकतीच गेली आहे त्याच्याजवळ बसून "देवाची काहीतरी योजना असेल" असं म्हणणारे खूप भेटतात. हेतू चांगला असतो, पण ते वाक्य ऐकणाऱ्याच्या छातीवर दगडासारखं बसतं. ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं (ईयोब 2:13). त्या सात दिवसांत त्यांनी जे केलं ते बरोबर होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडून कारणं सांगायला सुरुवात केल्यावर. शोकाच्या घरी जाल तेव्हा पहिल्या सात दिवसांचे मित्र व्हा.

## 4. हातापायांनी प्रेम करा

वाटेत लुटून अर्धमेला टाकलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक 10) सगळ्यांना पाठ असते, म्हणून ती नीट वाचली जात नाही. पुन्हा वाचा आणि फक्त क्रियापदं बघा. तो जवळ गेला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. त्या बांधल्या. स्वतःच्या जनावरावर बसवलं. उतारशाळेत नेलं. रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून दिले. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आणि जास्त लागलं तर परत येताना देईन असं म्हणाला, म्हणजे पुन्हा येण्याची जबाबदारीही घेतली. जखमी माणसाला त्याने धर्माबद्दल काही सांगितल्याचा एक शब्द या गोष्टीत नाही. तरी येशू म्हणतो, जा आणि तूही तसंच कर.

"काही लागलं तर सांगा" हे वाक्य शब्दकोशातून काढून टाका. ते ऐकून कुणी काही मागत नाही. त्याऐवजी नेमकं काहीतरी पुढे करा.

आमच्या शेजारच्या बाईंचा मुलगा दवाखान्यात होता तेव्हा त्यांना सर्वांत जास्त काय लागलं हे मी जवळून पाहिलं. विम्याचा अर्ज भरून द्यायला शांत डोक्याचं कुणीतरी हवं होतं. त्या बाई पेन हातात धरून एकाच रकान्याकडे बघत बसल्या होत्या, मुलाची जन्मतारीख त्यांना आठवेना. मी अर्ज माझ्या मांडीवर घेतला, एकेक प्रश्न मोठ्याने वाचला, त्यांनी उत्तर दिलं तसं लिहीत गेले. मग त्यांना खुर्चीतच दोन तास झोप लागावी म्हणून दाराशी बसून राहिले, डॉक्टर आले तर उठवायचं एवढंच काम. त्या दिवशी येशूचं नाव आमच्या बोलण्यात आलं नाही, आणि यायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

याकोब याबद्दल फार स्पष्ट लिहितो: उघड्या-उपाशी माणसाला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" असं म्हणून काहीच दिलं नाही तर काय उपयोग? (2:15-16).

मंडळीच्या इतिहासातही लोकांच्या मनात ठसलं ते हेच. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या आलेक्सांद्रिया शहरात भयंकर साथ पसरली. तिथला बिशप डायोनिसियस याने त्या दिवसांबद्दल लिहिलेलं पत्र टिकून आहे: बरेच ख्रिस्ती लोक जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांची शुश्रूषा करत राहिले आणि त्यांतले कितीतरी स्वतः त्या आजाराने गेले. पुढे इसवी सन 361 ते 363 या काळात राज्य केलेला रोमन सम्राट ज्यूलियन हा ख्रिस्ती धर्माचा उघड विरोधक होता. आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तो चिडून म्हणतो की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) स्वतःच्या गरिबांना तर सांभाळतातच, वर आमच्याही गरिबांना सांभाळतात. विरोधकाच्या पत्रात उमटलेल्या या तक्रारीहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही.

इथला सापळा सर्वांत धोक्याचा आहे. मदत आणि आमंत्रण यांची गाठ कधीही बांधू नका. औषध देताना "रविवारी उपासनेला या" म्हणू नका. फी भरताना, नोकरी लावून देताना, कर्ज देताना तर मुळीच नाही. ज्याला तुमच्या मदतीची गरज आहे तो तुम्हाला मोकळेपणाने "नाही" म्हणू शकत नाही, आणि जिथे "नाही" म्हणता येत नाही तिथलं "हो" देवापुढे पोकळ ठरतं. हे माझं एकटीचं मत नाही. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी 2011 मध्ये एकत्र येऊन साक्ष कशी द्यावी याचं निवेदन काढलं. त्यात सेवाकार्यात आमिष दाखवणं आणि लोकांच्या गरिबीचा, अडचणीचा फायदा घेणं साफ नाकारलं आहे. एरवी अनेक बाबतींत मतभेद असलेल्या या संस्थांचं याबाबत एकमत आहे.

दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यांतला एकच परत आला (लूक 17). बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशूने विचारलं खरं, पण त्या नवांचं बरेपण काढून घेतलं नाही. तुमची मदत घेऊन नऊ जण निघून गेले तर त्यांना जाऊ द्या, आणि दहाव्यासारखीच अकराव्यालाही मदत करा.

## 5. मदत मागायलाही शिका

ही पायरी कुणी सांगत नाही. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी येशूचं पहिलं वाक्य काय होतं? "मला प्यायला पाणी दे" (योहान 4:7). तो दमला होता, तहानलेला होता, त्याच्याजवळ पोहरा नव्हता. विश्वासाबद्दलच्या सर्वांत सुंदर संभाषणांपैकी एक या मागण्यातून सुरू झालं.

जो कायम देतच असतो तो हळूहळू वरच्या पायरीवर जाऊन बसतो, आणि वरून दिलेलं प्रेम घेणाऱ्याला जड होतं. म्हणून तुम्हालाही कुणाची गरज पडते हे दिसू द्या. गाडी बंद पडली तर त्यालाच फोन करा. तुम्हाला न जमणारं काम त्याच्याकडून शिका. तुमच्या वाईट दिवसात "मी आज बरी नाही" असं त्याला सांगा. ज्याने तुम्हाला सावरलंय तो तुमच्याशी बरोबरीने बोलतो.

## 6. दिसू द्या, पण दाखवू नका

येशू एकदा म्हणतो, तुमचा प्रकाश लोकांपुढे असा पडू द्या की त्यांनी तुमची चांगली कामं पाहून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं (मत्तय 5:16). आणि थोडं पुढे म्हणतो, दानधर्म करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका (6:3). नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. माझ्या अनुभवात उत्तर सोपं आहे: शेवटी नाव कुणाचं निघतं ते बघा. तुमचं निघत असेल तर ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या इशाऱ्यात मोडतं.

फोनच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. ज्याला मदत केली त्याचा फोटो काढायचा नाही, कुठेही टाकायचा नाही, त्याने हो म्हटलं तरी नाही. चांगुलपणाच्या फोटोत गरजू माणूस नेहमी लहान दिसतो.

आणखी एक गोष्ट. "तुम्ही माझे शिष्य आहात हे सर्व ओळखतील" असं येशू म्हणाला, ते *एकमेकांवर* प्रेम असण्याबद्दल (योहान 13:35). इसवी सन 197 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो की बाहेरचे लोक ख्रिस्ती लोकांकडे बोट दाखवून म्हणतात, बघा यांचं एकमेकांवर किती प्रेम आहे. आज तुमचा मित्र तुमच्या मंडळीत आला तर त्याला काय दिसेल? ज्या दोन कुटुंबांत बोलणं बंद आहे ती समोरासमोर बसलेली दिसतील का? बाहेरच्याला बोलावण्याआधी आतलं भांडण मिटवायला जा. तेही सुवार्तेचंच काम आहे. आणि घरी तुमच्या चिडचिडीचा मारा ज्याच्यावर होतो त्याचं मत तुमच्या साक्षीबद्दल काय आहे, ते एकदा विचारून बघा.

## 7. विचारलं की बोला

आता उलट बाजूचा सापळा. "माझं आयुष्यच बोलेल" असं म्हणून जन्मभर गप्प बसणारे खूप असतात. त्यात नम्रता कमी आणि भिडस्तपणा जास्त असतो. तुमचं वागणं बघून लोकांना एवढंच कळतं की तुम्ही चांगले आहात. ख्रिस्त कोण आहे हे कळायला शब्द लागतात. ऐकलंच नाही तर विश्वास कसा ठेवतील, हा पौलाचा प्रश्न आहे (रोम 10:14). पेत्र सांगतो की तुमच्यातल्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला सदा तयार असा, पण ते सौम्यपणे आणि आदराने द्या (1 पेत्र 3:15). पेत्राने इथे कुणीतरी *विचारतंय* हे गृहीत धरलं आहे. वरच्या सहा पायऱ्या नीट चढलात तर कुणीतरी विचारतंच.

ते साधारण असं येतं. काम संपवून निघताना एखादी मैत्रीण म्हणते, "तिने तुझ्याबद्दल इतकं वाईट बोलून ठेवलं, आणि तू तिचीच सुट्टी भरून काढलीस. कसं जमतं गं तुला?"

तेव्हा "अगं, त्यात काय" म्हणून विषय टाळू नका. प्रवचनही देऊ नका. असं काहीतरी म्हणता येईल: "मला नाही जमत, खरंच सांगते. रागच येतो. पण मी येशूवर विश्वास ठेवते, आणि त्याने मला किती माफ केलंय ते आठवलं की तिच्यावर डूख धरून बसता येत नाही. तुला कधी ऐकायचं असेल तर सांगेन." आणि मग थांबा. पुढचा प्रश्न तिला विचारू द्या.

तिने पुढे विचारलंच तर तुमची गोष्ट तयार असावी. आधीच लिहून काढा, पाच मिनिटांत सांगून होईल एवढी. मी आधी कशी होते, ख्रिस्त कसा भेटला, आता काय वेगळं आहे आणि काय अजून तसंच अवघड आहे. शेवटचा भाग गाळू नका. सगळे प्रश्न सुटले असं सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

लिहिलेली गोष्ट मंडळीबाहेरच्या कुणाला तरी वाचून दाखवा. "तारण", "अभिषेक", "रक्ताने धुतलं", "ओझं मिळालं" असे शब्द आपल्याला रोजचे झालेले असतात, ऐकणाऱ्याला ते कोड्यासारखे वाटतात. प्रत्येकाच्या जागी साधं वाक्य घाला.

दुसऱ्याच्या श्रद्धेला नावं ठेवून आपली गोष्ट उजळ करू नका. पौल अथेन्समध्ये मूर्तींनी भरलेलं शहर पाहून आतून अस्वस्थ झाला होता, तरी बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने सुरुवात केली त्यांच्याच एका वेदीवरच्या लेखापासून, आणि दाखला दिला त्यांच्याच कवींचा (प्रे. कृत्ये 17). आणि प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणा आणि खरंच विचारून सांगा.

## 8. "येऊन पाहा" म्हणा

नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का, असं नथनेलाने हेटाळणीने विचारलं तेव्हा फिलिप्पाने वाद घातला नाही. "येऊन पाहा" एवढंच म्हणाला (योहान 1:46). आमंत्रण असंच छोटं आणि उघड असावं.

- काय आहे ते आधी स्पष्ट सांगा. "आमच्याकडे छोटा कार्यक्रम आहे" असं म्हणून उपासनेला नेऊन बसवणं ही फसवणूक आहे. एकदा फसलेला माणूस पुन्हा तुमच्या कुठल्याच बोलावण्यावर विश्वास ठेवत नाही.
- किती वेळ चालतं, केव्हा उभं राहतात, दानाची थैली फिरते पण पाहुण्याने काही टाकायची गरज नाही, प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहिलं तरी चालतं, हे सगळं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. नवख्याला भीती असते ती याच गोष्टींची.
- स्वतः सोबत जा, शेजारी बसा. पुढच्या रांगेत नेऊ नका.
- पाळकांना आधीच सांगा की पाहुण्याला उभं करून ओळख करून देऊ नये.
- बाहेर पडल्यावर "मग, कसं वाटलं?" म्हणून उत्तराकडे टक लावून बसू नका. त्याला बोलायचं असेल ते तो बोलेल.

उपासनेपेक्षा मार्कचं शुभवर्तमान दोघांनी मिळून वाचणं मला जास्त आवडतं. चार भेटींत, चार-चार अध्याय. प्रत्येक भेटीत दोनच प्रश्न: यात तुला काय खटकलं? येशू कसा दिसला? बाकी तुमचं भाष्य आवरतं घ्या.

## 9. "नाही" आलं तर

तर पुढच्या आठवड्यातली ठरलेली भेट रद्द करू नका. त्या एका भेटीवर बरंच अवलंबून असतं. "नाही" म्हटल्यावर तुमचे फोन कमी झाले, तर आधीचं सगळं प्रेम जाळ्यासाठीचं आमिष होतं असं त्याला वाटेल. आणि त्याला तसं वाटण्यात चूक नसेल.

श्रीमंत माणूस निघून गेला तेव्हा येशू त्याच्यामागे सवलत घेऊन धावला नाही. पुष्कळ शिष्य सोडून गेले तेव्हा बारा जणांनाही त्याने विचारलं, तुम्हीही जाऊ पाहता का? (योहान 6:67). दार बाहेरच्या बाजूनेही उघडं होतं.

अथेन्समध्ये काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि थोडक्यांनी विश्वास ठेवला. पौलाच्या वाट्याला तिन्ही आलं, तुमच्याही येईल. स्पष्ट "नाही" असेल तर विषय पुन्हा स्वतःहून काढू नका. प्रार्थना चालू ठेवा, मैत्री चालू ठेवा, त्याच्या आनंदात आनंद करा. पौलाने लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने (1 करिंथ 3:6). तुमच्या वाट्याला कदाचित फक्त पाणी घालणंच असेल.

## 10. "हो" आलं तर

आनंद करा आणि वेग कमी करा. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशोब करावा, असं येशूनेच सांगितलं आहे (लूक 14:28). त्या माणसाला एकांतात विचारा: हे तू माझं मन राखायला करतोयस का? माझ्या उपकारांखाली दबून करतोयस का? यातून काही मिळेल असं तुला कुणी सांगितलंय का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर थांबा आणि आणखी काही महिने सोबत वाचत राहा.

मग पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी भेट घालून द्या. बाप्तिस्म्याची तयारी प्रत्येक मंडळीत वेगळी असते आणि ती व्हायला वेळ लागतो, तो लागू द्या. तुम्ही राहता तिथल्या कायद्यात धर्मांतराबद्दल काही तरतुदी असतील तर त्या आधी नीट माहीत करून घ्या आणि पाळा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत आईवडिलांच्या नकळत एक पाऊलही टाकू नका.

घरच्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक. गरसेकरांच्या प्रदेशात भूतबाधेतून मोकळा झालेला माणूस येशूबरोबर नावेत बसायला निघाला होता. येशूने त्याला परत पाठवलं: आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग (मार्क 5:19). नव्या विश्वासणाऱ्याला त्याच्या माणसांपासून तोडून मंडळीत ओढून घेऊ नका. आईवडिलांचा मान, घरातली कामं, भावंडांची जबाबदारी यांतलं काहीही सुटता कामा नये, उलट आधीपेक्षा जास्त मनापासून व्हावं. घरी केव्हा सांगायचं, आधी कुणाला सांगायचं, हे त्याच्याबरोबर बसून ठरवा. चिडले तर वाद घालायचा नाही, रडले तर उठून जायचं नाही, एवढं आधी बोलून ठेवा. आणि त्या दिवशी तुम्ही सोबत जायचं की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्या.